हॉर्न तेवढा दाबू नगासा

"नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजराची. बुद्धीला साजेसं जनावर मात्र अजून पृथ्वीवर जन्माला आलेलं नाही."

एवढं बोलून दत्तप्रसाद खिडकीकडे वळले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला आपली पाठ नीट बघू दिली. पाठीतूनही बुद्धिमत्ता दिसते असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. कामिलच्या डोक्यात त्या रिकाम्या जागेसाठी एक-दोन जनावरांची नावं येऊन गेली, पण त्यानं ती गिळली.

राजारामपुरीत कामिलच्या झेरॉक्सच्या दुकानावर जी खोली आहे, तिथं पूर्वी ब्यूटी पार्लर होतं. पार्लर गेलं, आरसे राहिले. आता तिथं 'दत्तप्रसाद गुप्तचर सेवा' अशी पाटी आहे. दिवसभर चारी बाजूंनी स्वतःलाच बघत बसल्यावर माणसाचं स्वतःबद्दल जे मत व्हायचं ते झालेलं होतं. आजवर त्यांनी ज्या काही केसेस घेतल्या, त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या आपण सुटल्या आणि एकीत तर चोरच कंटाळून माफी मागायला आला. कामिल त्यांचा सहाय्यक कसा झाला हेही एक रहस्यच म्हणायचं. त्यानं एकदा पावसात साहेबांना स्कूटरवरून घरी सोडलं होतं. साहेबांना कुठलंच वाहन चालवता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "हा माझा सहाय्यक."

आजचं गिऱ्हाईक म्हणजे भैरवी. खरं तर ती साहेबांकडे आलीच नव्हती. ती खाली कामिलकडे आली होती, प्रोजेक्टच्या झेरॉक्स काढायला.

"कामिल, तुला गाड्यांतलं कळतं न्हवं? एक जुनी चारचाकी बघायला येशील काय?" तिनं विचारलं आणि जिन्यावर चपला वाजल्या. सशाचे कान खाली आले आणि दोघांनाही वर घेऊन गेले.

भैरवी गडमुडशिंगीची. टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कबनूरच्या एका मागाच्या कारखान्यात तिला इंटर्नशिप मिळाली होती, सकाळी सातच्या पाळीची. एसटीनं दोनदा बदलून जायचं तर नऊ वाजणार. स्कूटर होती, पण श्रावणात ती घसरली आणि भैरवीच्या मनगटात स्टीलची पट्टी बसली. डॉक्टर म्हणाले, स्टिअरिंग चालेल, दुचाकी बंद. कारखान्यानं सांगितलं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि तिचे वडील अंबादास म्हणाले, "हाताचं बरं हू दे. पुढच्या वर्षी बघू की."

पुढच्या वर्षी काय बघायचं ठरलंय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मुरगूडचं एक स्थळ होतं, मुलाचं खताचं दुकान होतं आणि त्याला मागात काडीचाही रस नव्हता. म्हणून आईनं, विमलानं, आपली भिशी गुपचूप पोरीच्या हातात ठेवली होती. एवढ्या पैशांत जी गाडी येते ती सहसा ढकलत आणावी लागते. आज शुक्रवार उजाडला होता.

"पण ही गाडी झकास हाय म्हणं," भैरवी म्हणाली. "कमी पळालेली, एकच मालक, आणि किंमत निम्म्यावर. फोनवर मालकानं इचारलं, गाडी कुठं जाणार? मी म्हटलं, ऱ्हायाला गडमुडशिंगी, रोज कबनूर. तर म्हणाला, लांब जाणार असंल तर आणि कमी करतो."

दत्तप्रसादांचे डोळे बारीक झाले. "लांब जाणार तर स्वस्त? सहाय्यक, फोन!"

त्यांनी मालकाला फोन लावला आणि घसा खाकरून निवृत्त कर्नल झाले. शिवाजी पेठेत राहतो म्हणाले. मालकानं सांगितलं, "न्हाय जमायचं, पेठेत गाडी द्यायची न्हाय." पाच मिनिटांनी साहेब मुरगूडचे द्राक्ष व्यापारी झाले. मुरगुडात द्राक्षं कुठली, असं कामिल पुटपुटला, पण किंमत खरंच उतरली. साहेबांना चेव आला. पुढच्या फोनला ते थेट नागपूरहून बोलायला लागले आणि तिथल्या उन्हाचं वर्णनही केलं.

पलीकडून आवाज आला, "पावणं, मगाशी कर्नल हुतासा, मग द्राक्षं इकालतासा, आता नागपूरला पोचलासा. नंबर त्योच हाय. गाडी बघायला येनार हायसा का न्हाय?"

"सरळ त्यालाच इचारूया की, का विकालाय म्हणून," भैरवी म्हणाली.

"कदापि नाही!" साहेब गरजले. "संशयिताला सरळ प्रश्न विचारायचा नसतो. सरळ प्रश्नाला तो सरळ उत्तर देतो आणि तपास तिथंच मरतो."

*

गंगावेशीच्या पलीकडे एका गवळी गल्लीत गाडी उभी होती. पांढरी, छोटी, पुसून लख्ख. दोन्ही बाजूंनी म्हशी बांधलेल्या होत्या आणि रवंथ करत पाहुण्यांकडे बघत होत्या. त्यांच्याकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. मालक हंबीरराव गवळी एक पाय जरा ओढत पुढं आले आणि काही बोलायच्या आधी धारोष्ण दुधाचे पितळी पेले समोर धरले. दत्तप्रसादांनी आपला पेला कामिलकडे सरकवला आणि कानात सांगितलं, "आधी तू. दहा मिनिटं वाट बघू." कामिलनं दोन्ही पेले संपवले. दहा मिनिटांनी त्याला आणखी एक हवा होता.

मग कामिल कामाला लागला. बॉनेट उघडलं, तेल बघितलं, टायरची नक्षी चाचपली, इंजिन सुरू करून कान लावला, धूर बघितला, आरसी आणि विमा तपासला. सगळं ठणठणीत. असली गाडी या पैशांत मिळत नाही हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच त्यालाही जरा धास्ती वाटायला लागली. भैरवीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ती गाडीच्या टपावरून हात फिरवत होती.

दत्तप्रसाद मात्र मागच्या बाजूला रस्त्यावर पोटावर पडले होते. हातात पार्लरमधला भुवया कोरायचा, मोठं करून दाखवणारा आरसा होता.

"सहाय्यक, इकडे. पुढचा बंपर निष्कलंक. मागच्या बंपरला आणि डिकीला मात्र पोचे. जोडीजोडीनं. आणि प्रत्येक पोच्यात हिरवा ऑइलपेंट, टोकाला गुलाबी. याचा अर्थ काय?"

"काय साहेब?"

"या गाडीच्या मागावर कुणीतरी आहे. हिरव्या ट्रकवालं."

"ट्रकला दोन टोकं असत्यात व्हय?"

साहेबांनी जरा विचार केला. "भाले," ते म्हणाले. "दोन भाले घेतलेली टोळी. हिरवी टोळी." आणि उठता उठता त्यांनी डिकी उघडली.

डिकीत कोपऱ्याकोपऱ्यांत पिवळसर भुगा साठलेला होता. साहेबांनी करंगळी बुडवली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"परदेशी माल," ते म्हणाले.

भैरवीनं चिमूट उचलून बघितली. "सर, ही सरकीची पेंड हाय. कापसाचं बी असतंय न्हवं, त्याची. आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात फोटो हाय."

"तसं दिसावं म्हणूनच ते तसं बनवतात, मुली," साहेब ममतेनं म्हणाले आणि आणखी थोडी चाखून खात्री करून घेतली.

तेवढ्यात हंबीररावांनी गल्लीच्या आतल्या अंगाला तोंड करून हाक घातली, "ए जोतीराम! वर्षाराणीला आत कोंड. कडी घाल दाराला. गाडी भाईर निघालीया!"

दत्तप्रसादांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी कामिलचा दंड धरला. "ऐकलंस? एक अबला. कोंडलेली. ही गाडी तिच्या नावावर असणार, तिच्या डोळ्यांदेखत विकली जाऊ नये म्हणून तिला आत घातलंय. गाडी लांब घालवायची आहे ती तिला दिसू नये म्हणून! सगळे धागे जुळले."

"आणि भाले?"

"माहेरची माणसं," साहेब म्हणाले. त्यांना आता कशाचंही उत्तर देता येत होतं.

भैरवी हंबीररावांकडे वळली. "मामा, एक इचारू का—"

"आधी गाडी चालवून बघू!" दत्तप्रसाद मध्ये घुसले.

हंबीररावांनी किल्ली तिच्या हातात दिली. "चालीव की, पोरी. ब्रेक दाब, क्लच दाब, एसी लाव, रेडू लाव. हॉर्न तेवढा दाबू नगासा. बाकी काय बी दाबा."

*

भैरवी चालवत होती. मनगटाचं दुखणं ती विसरून गेली होती. कामिल शेजारी, साहेब मागं. गाडी लोण्यासारखी चालत होती. गल्लीचं पहिलं वळण आलं आणि भैरवी हळूच म्हणाली, "कामिल, हीच हवी मला."

कामिलला हो म्हणावंसं वाटलं. पण मागून साहेबांनी दोन्ही सीटच्या मधून मुंडी घातली होती.

"ती माउली त्या दाराआड तळमळत असेल," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर कातर झाला होता. "मदत आली आहे हे तिला कळायला हवं." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी हात लांब करून हॉर्न दाबला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा लांब.

गल्लीच्या आतून आधी कडी तुटल्याचा आवाज आला. मग जोतीराम ओरडल्याचा. मग कोंबड्या उडाल्याचा. दत्तप्रसाद उजळलेल्या चेहऱ्यानं मागच्या काचेकडे वळले. मोकळे केस सोडून धावत येणारी एक दुःखी स्त्री त्यांच्या डोळ्यांपुढं होती.

वर्षाराणी आली. तिला चार पाय होते. शिंगं हिरवीगार रंगवलेली, टोकाला गुलाबी, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मोरपीस. डोकं खाली, शेपूट वर, सरळ गाडीच्या रोखानं.

"अगं पळीव की गं पोरी!" दत्तप्रसादांची पुस्तकी भाषा एका दमात गंगावेशीच्या गटारात पडली. "आली की गं ती! आई आई आई! माज्या अंगावर आली!"

गल्लीतली माणसं बाजूला होऊन टाळ्या पिटायला लागली. कुणीतरी वरच्या मजल्यावरून "वर्षाराणीचा नाद करायचा न्हाय!" असं ओरडलं. भैरवीनं वेग वाढवला, तशी म्हशीनंही वाढवला. पुढं एक रिक्षावाला आडवा उभा राहून पाण्याची बाटली भरत होता. भैरवीनं ब्रेक मारला. मागं धाड्‌कन आवाज झाला, नवी जोडी उमटली, आणि गाडी शांत झाली.

दत्तप्रसादांनी हळूहळू डोळे उघडले. काचेच्या पलीकडं, वीतभर अंतरावर, एक प्रचंड काळं तोंड होतं. त्यानं काच चाटली.

"प्रशिक्षित मारेकरी," साहेब कुजबुजले. "माझ्यावरच सोडलीय. माझ्या कीर्तीची कुणालातरी अडचण होतेय."

भैरवीनं इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि खाली उतरली. म्हशीच्या बाजूनं चालत ती लंगडत धावत येणाऱ्या हंबीररावांपुढं जाऊन उभी राहिली.

"मामा, गाडी का विकालायसा?"

"अगं, ही म्हस पाट सोडत न्हाय की माजी," हंबीरराव धापा टाकत म्हणाले. "दुसरं काय!"

मग ते तिथंच कठड्यावर टेकले आणि सांगायला लागले. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गवळी लोक म्हशी पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढं आणि त्याच्या गाडीच्या आवाजावर सजवलेली म्हैस मागं. ज्याची म्हैस त्याला सोडत नाही त्याची गल्लीत मान वर. "औंदा माज्या गुडघ्याचं आप्रेशन झालं. मोटरसायकलला टांग मारता येईना. म्हटलं, वर्षाराणी काय घरी बसंल व्हय? मग ह्या गाडीवर शिकीवलं. डिकी उघडी, डिकीत पेंड, आन् तीनदा हॉर्न. चार दिसांत शिकली बघ. पाडव्याला अशी पळाली, अशी पळाली, लोकांनी मला उचलून घेटलं." त्यांनी म्हशीच्या मानेवर थाप मारली. "पाडवा संपला. तिचा न्हाय संपला."

"मग?"

"मग काय! बाजारात गेलो, आली. दवाखान्यात गेलो, आली. पुतणीच्या लग्नाला गेलतो, अक्षता पडायच्या टायमाला हॉलात आली. आहेर करायला रांगंत हुबी. घरातनं सांगिटलं, एक तर म्हस इका न्हायतर गाडी इका." त्यांनी असं बघितलं की जणू पहिला पर्याय कुणी मोठ्यानं उच्चारू नये. "गावात गाडी इकली तर हॉर्न ऐकून त्या पावण्याच्या दारात जायाची. म्हणून म्हटलं, लांब जाऊ दे."

दत्तप्रसाद गाडीतूनच, काच बोटभर खाली करून म्हणाले, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुठं कुनी? तुमी तर मला नागपूरचं ऊन सांगालतासा!"

कामिलला हसू आवरेना, पण डोकं चालत होतं. "मामा, हॉर्न बदला की."

"बदलला दोनदा. ह्या गाडीचा कुठला बी हॉर्न असू दे, दोन दिसांत वळखती. दुसऱ्याच्या गाडीनं किती बी बोंब मारू दे, कान हलवत न्हाय."

"आणि न वाजवता चालवली तर?"

"तर बसून ऱ्हाती. पर कोल्लापुरात हॉर्न न वाजवता गाडी?" हंबीरराव त्याच्याकडे कीव करत बघत राहिले. "माज्या जल्मात जमलं न्हाय."

भैरवी गाडीकडं बघत होती. पोच्यांकडं, चाटलेल्या काचेकडं, पुढच्या स्वच्छ बंपरकडं. "मी नेते," ती म्हणाली. "गडमुडशिंगीला हिचा आवाज इथवर यायचा न्हाय. शहरातनं भाईर काढायची तेवढी हाय."

सह्या झाल्या, भिशीचे पैसे दिले, उरलेले नंतर द्यायचं ठरलं. हंबीररावांनी वर्षाराणीला दावणीला नेलं, दुहेरी दावं बांधलं आणि तेवढ्यानं समाधान न होऊन आपल्या दोन्ही पंजांनी तिचे कान झाकून उभे राहिले. म्हैस मुकाट उभी होती. "जा, पोरी," ते तिकडं तोंड करूनच म्हणाले. "लवकर जा. आन् तिच्यावर राग धरू नगंस. तिला वाटतंय अजून पाडवाच हाय."

भैरवीनं स्टिअरिंग धरलं. कामिल शेजारी बसला. साहेब मात्र दोन्ही दारांची कुलुपं पुन्हा पुन्हा तपासत होते.

*

त्या दिवशी पापाच्या तिकटीवरून जी माणसं जात होती त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल देव जाणे. एक पांढरी गाडी, वाजत नाही, नुसती येते. डाव्या खिडकीतून एक तरुण कमरेपर्यंत बाहेर. "ओ मामा, सरका की! ओ मावशी, पिशवी जवळ घ्या! ए शाळा, बाजूला!" दुचाकीवाले आडवे येत, भैरवीचा हात सवयीनं मधल्या गोल भागाकडे जाई आणि गाडीतले तिघंही एकदम ओरडत, "नको!" बिंदू चौकात एका टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ताई, हॉर्न न्हाय व्हय गाडीला?"

"हाय की," भैरवी म्हणाली. "मौन हाय आज."

दसरा चौकात कामिलचा आवाज बसला. पुढं रस्त्यावर मधोमध एक माणूस मोबाइलवर बोलत उभा. गाडी थांबली. मागून दहा गाड्या ठणाणा करायला लागल्या आणि प्रत्येक हॉर्नला दत्तप्रसाद दचकून मागं बघायला लागले. शेवटी त्यांच्यातला गुप्तहेर हरला. त्यांनी काच पूर्ण खाली केली, मुंडी बाहेर काढली आणि असा काही आवाज काढला की तो माणूस उडून फुटपाथवर गेला, एक बैल थबकला आणि वाहतुकीच्या हवालदारानं नकळत शिट्टी वाजवली. तिथून कावळा नाक्यापर्यंत साहेबांनी एकट्यानं गाडी वाजवत नेली. कामिलनं मनापासून कबूल केलं की इतक्या वर्षांत त्यांना काहीतरी उत्तम येतंय हे आज पहिल्यांदा कळलं.

गडमुडशिंगीत अंबादास अंगणात उभे होते. शाळेतले कारकून, प्रत्येक गोष्टीत खोट शोधायची सवय. विमला दाराआडून बघत होती. अंबादासांनी गाडीभोवती फेरी मारली. टायरला पाय लावला. पोच्यांपाशी थांबले.

"हे काय?"

"म्हशीनं मारलंय, बाबा," भैरवी म्हणाली.

खरं सांगितलं की त्यात खोट कशी काढायची हे अंबादासांना कळत नसे. ते पुढच्या सीटवर जाऊन बसले. स्टिअरिंगवर हात ठेवला. दार उघडं, पाय बाहेर. नवी गाडी बघणारा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. हॉर्न दाबला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा लांब.

भैरवी, कामिल आणि दत्तप्रसाद तिघांनीही एकदम कोल्हापूरच्या रस्त्याकडं मान वळवली. दूरवर रस्ता मोकळा होता. एक सायकलवाला आला आणि गेला. तिघं तसेच उभे राहिले.

"आली न्हाय," दत्तप्रसाद अखेर म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क उदासी होती.

"कोण?" अंबादासांनी विचारलं. भैरवीनं डोळे पुसले आणि ती हसतेय की रडतेय हे कामिलला कळेना.

अंबादास खाली उतरले. दार दोनदा उघडून लावून बघितलं. मग किल्ली काढली, जरा वेळ मुठीत धरली आणि पोरीच्या हातात दिली.

"सोमवारी लवकर नीघ," ते म्हणाले. "वाटंनं उसाचे ट्रॅक्टर असत्यात."